तार तुटली नाही, तरी आवाज बिघडला

कागदावर रेल्वेचा नकाशा काढा आणि खामगावचा ठिपका कुठंही सरकवा. जलंबची रेघ सोबत येते, जोडणी तीच राहते. व्हिज्युअल प्रोग्रामिंगचा पॅचही तसाच.

‘पॅच’ हा शब्द आला जुन्या सिंथेसायझरवरून. तिथं डबे खऱ्या केबलने जोडायचे. 1980 च्या दशकात पॅरिसच्या इर्काम संस्थेत मिलर पकेट यांनी मॅक्स लिहिलं, आणि केबलची स्क्रीनवर रेघ झाली. डबा ओढला की रेघ ताणली जाते, तुटत नाही.

मग मी बुलढाण्यात घरी बसून पॅच आवरला, तेव्हा आवाज का बिघडला? मॅक्समध्ये एकाच आउटलेटमधून अनेक रेघा निघाल्या, तर मेसेज उजवीकडच्या डब्याला आधी जातो. मी डबे सरकवले, रेघा शाबूत राहिल्या, पण क्रम बदलला!

पुढं 1990 च्या दशकात पकेट यांनीच प्युअर डेटा केलं. त्यात मेसेजचा क्रम जागेवर अवलंबून नाही. जी रेघ आधी जोडली, तिच्यातून मेसेज आधी. पण हा क्रम डोळ्यांना दिसत नाही.

दोन्हीकडे उपाय एकच, ट्रिगर ऑब्जेक्ट. त्याचे आउटलेट उजवीकडून डावीकडे, ठरल्या क्रमानेच मेसेज सोडतात, पुढचे डबे कुठंही असोत. म्हणून आधी ट्रिगर टाका, मगच आवराआवर करा.