शॅमेलिऑनचा पिंजरा : बंदिस्त संगोपनाचा इतिहास आणि छत्रपती संभाजीनगर

प्रस्तावना :
मराठी बोलीत 'सरडा' हा शब्द सरसकट वापरला जातो. त्यामुळे कुंपणावर मान हलविणारा बागेतील सरडा आणि फांदीवर झुलत झुलत पाऊल टाकणारा शॅमेलिऑन (कोकणातील घोयरा) हे दोन निराळे प्राणी आहेत, याचा विसर पडतो. राजकीय भाषणांतून ज्याचे वारंवार स्मरण होते, तो प्राणी प्रत्यक्ष पाहिलेले लोक मात्र थोडेच. लॉरेंटी या शास्त्रज्ञाने १७६८ मध्ये शास्त्रीय नाव दिलेली त्याची भारतीय जात गंगेच्या दक्षिणेकडील भारतात व श्रीलंकेत आढळते. या प्राण्याला पिंजऱ्यात ठेवण्याच्या प्रयत्नांचा इतिहास व त्या संदर्भात छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील परिस्थिती यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हवेवर जगणारा प्राणी :
ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने शॅमेलिऑनच्या शरीररचनेचे बारकाईने वर्णन केले होते. तथापि पुढील काळात रोमन लेखक प्लिनी याचे मत अधिक प्रभावी ठरले. हा प्राणी अन्नपाणी न घेता केवळ हवेवर जगतो, असे ते मत होय. पाळलेला प्राणी दीर्घकाळ उपाशी तग धरतो व वाटीतील पाण्याला तोंड लावत नाही, हे पाहणाऱ्यास ते खरेही वाटले असावे. पॅरिसच्या विज्ञान अकादमीत क्लोद पेरो याने त्याचे विच्छेदन करून १६६९ मध्ये वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यानंतर थोड्याच वर्षांनी कादंबरीकार मादलेन द स्क्युदेरी हिच्याकडे इजिप्तमधून दोन शॅमेलिऑन आले. तिने त्यांना घरात सांभाळले आणि त्यांची हकीकत १६८८ मध्ये छापली. अकादमीने प्राणी कापून पाहिला, स्क्युदेरीने तो जिवंत ठेवून पाहिला. संगोपनाच्या इतिहासात दुसऱ्या पद्धतीचे महत्त्व अधिक आहे, असे म्हणावे लागेल.

भारतात या प्राण्याकडे किती जवळून पाहिले गेले, याची साक्ष जहांगीराचा चित्रकार उस्ताद मन्सूर याचे चित्र देते. आज ते इंग्लंडच्या राजसंग्रहात आहे. फांदीला चिमट्यासारखी पकडणारी बोटे त्यात अचूक आली आहेत. मलिक अंबरने खडकी वसविली ती १६१० मध्ये, म्हणजे साधारण याच पिढीत. पुढे १९१२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ट्रेंच यांनी भारतीय शॅमेलिऑनवर टिपणे लिहिली. त्याच नियतकालिकात १९८४ मध्ये त्याच्या प्रजननावरील निरीक्षणे प्रसिद्ध झाली.

पिंजऱ्याची रचना :
वाटीतील पाणी न पिण्याचे कारण साधे आहे. शॅमेलिऑन पानांवरील थेंब चाटतो. साचलेले पाणी त्याच्या लेखी पाणीच नसते. म्हणून पिंजऱ्यात जिवंत रोपे, त्यांवर दिवसातून निदान दोनदा तुषार आणि थेंब थेंब गळणारे भांडे लागते. पिंजरा रुंदीपेक्षा उंच हवा. प्रौढासाठी साधारणतः ६० सेंमी लांब-रुंद व १२० सेंमी उंच हे माप धरले जाते. भिंती काचेच्या नव्हे, तर जाळीच्या असाव्यात, म्हणजे हवा कोंडत नाही. सर्वाधिक उशिरा उमगलेली बाब प्रकाशाची होय. अतिनील किरणांवाचून त्याच्या शरीरात जीवनसत्त्व 'ड' तयार होत नाही, हाडे मऊ होऊन वाकतात. खिडकीची काच नेमके हेच किरण अडविते. त्यामुळे दिवाणखान्यातील 'उजेडात' ठेवलेला प्राणीही आजारी पडतो. दोन प्राणी एकत्र ठेवल्यास त्यांना सततचा ताण येतो. मादीला अंडी घालण्यासाठी खोल, ओलसर माती न मिळाल्यास अंडी पोटात अडकून ती दगावते.

स्थानिक परिस्थिती :
मराठवाड्याचा उन्हाळा ४० अंशांच्या पुढे जातो व हवा कोरडी होते. दमट मादागास्करमधील विदेशी जातीला येथे सांभाळणे म्हणजे दिवसभर तुषार उडविणे होय. जायकवाडीच्या नळपाण्याची दिवसेंदिवस वाट पाहण्याची सवय असलेल्या शहरात हा खर्च पैशांपेक्षा पाण्याचा अधिक ठरतो. सार्वजनिक पातळीवरही जागेचा प्रश्न सुटलेला नव्हता. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या महानगरपालिकेचे सिद्धार्थ उद्यानातील प्राणिसंग्रहालय दाट वस्तीत, मध्यवर्ती बसस्थानकाजवळ उभे राहिले आणि अपुऱ्या जागेमुळेच मिटमिटा येथील सफारी पार्कची योजना पुढे आली.

कायद्याने दोन भिन्न मार्ग आखले आहेत. विदेशी जातींसाठी २०२० मध्ये केंद्र शासनाने स्वेच्छेने माहिती देण्याची योजना आणली. २०२२ च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय करारातील प्राणी कायद्याच्या कक्षेत आले आणि २०२४ च्या नियमांनी त्यांची नोंदणी सक्तीची केली. भारतीय शॅमेलिऑन मात्र वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहे. त्याला पकडणे हाच गुन्हा ठरतो, मग पिंजरा कितीही उत्तम असो. ग्रामीण भागात हा बिनविषारी प्राणी विषारी समजून मारला जातो, तर शहरात कुतूहलापोटी खोक्यात ठेवला जातो. हाती आलेल्या अशा प्राण्याची माहिती ४८ तासांत पोलीस ठाण्यास अथवा वन अधिकाऱ्यास देणे कलम ३९ नुसार बंधनकारक आहे. तोवर त्याला हवा खेळती राहील अशा खोक्यात, सावलीत, एक आडवी फांदी घालून ठेवावे. पाणी पाजण्याचा आग्रह धरू नये. फांदीवरील पाने ओली केली तरी पुरे.