एअरगनमध्ये ‘स्लग’ टाकायचं म्हणताय? आधी हे वाचा, मग पैसे घाला

तालुका प्रतिनिधी

भुईमूग काढणीला आला की रानडुकराचा कळप रात्रीत अर्धा एकर उकरून जातो. आमच्या शिवारात हे दरवर्षीचंच आहे. यंदा पुतण्या मोबाईल घेऊन बांधावर आला. “काका, हे बघा. अमेरिकेत एअरगननं डुक्कर पाडतात. आपल्या बंदुकीत नुसतं हे स्लग टाकायचं. मागवू का?”

व्हिडिओ खरा होता, पण त्यातली बंदूक वेगळी, तिथला कायदा वेगळा आणि गोळीही वेगळी. गावोगावी पोरं हेच व्हिडिओ बघतात, म्हणून स्लग म्हणजे काय, ते कोणत्या बंदुकीत चालतं आणि आपल्याकडं त्याचा उपयोग किती, ते एकदा सविस्तर सांगतो.

छर्रा आणि स्लग यात फरक काय?

आपण वापरतो तो साधा छर्रा कमरेत बारीक आणि मागून पोकळ असतो. हवेचा दाब बसला की मागची पातळ कड फुगून बॅरलला घट्ट बसते. बाहेर पडल्यावर तो बॅडमिंटनच्या फुलासारखा हवेच्या अडथळ्यानं सरळ राहतो. त्यामुळं कमी ताकदीच्या बंदुकीतही नेम चांगला बसतो. मात्र त्याचा वेग लवकर मरतो.

स्लग म्हणजे एअरगनसाठी केलेली भरीव, बंदुकीच्या गोळीसारखी शिशाची गोळी. तिला कंबर नसते. ती भोवऱ्यासारखी असते, जोरात फिरली तरच सरळ जाते. वेग टिकवून धरते म्हणून लांबवर जाते आणि वाऱ्यानं कमी सरकते. अमेरिकेतले शिकारी ती वापरतात ते याच कारणानं.

तिकडं स्लग निवडताना काय बघतात?

१) बंदुकीची ताकद : स्लगसाठी बहुतेक पीसीपी, म्हणजे आधी पंपानं किंवा टाकीनं हवा भरून ठेवायची बंदूक लागते. स्लग साधारण सेकंदाला २७० ते ३०० मीटर वेगानं चांगलं चालतं.

२) वजन : डब्यावर वजन ‘ग्रेन’मध्ये असतं, ग्रॅममध्ये नाही. १ ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. स्लग जेवढं जड, तेवढी ताकद जास्त लागते.

३) जाडी : .२२ बोअरसाठी .२१६, .२१७, .२१८ इंच अशा बारीक फरकाची स्लग मिळतात. सैल बसलं तर हवा निसटते, घट्ट बसलं तर वेग पडतो. छर्ऱ्यासाठी केलेल्या बऱ्याच बॅरल तोंडाशी किंचित आवळलेल्या असतात, तिथं स्लग अडखळतं.

४) बॅरलचा पीळ : बॅरलच्या आतल्या खाचांचा पीळ किती इंचात एक फेरा पूर्ण करतो, ते बघावं लागतं. लांब स्लगला जास्त पीळ लागतो. पीळ कमी पडला तर स्लग हवेत डुलतं आणि नेम वाया जातो.

म्हणजे एकाच्या बंदुकीत चालणारं स्लग दुसऱ्याच्या बंदुकीत चालेलच असं नाही. तिकडंही लोक दोन-चार प्रकार आणून कागदावर मारून बघतात आणि मगच ठरवतात.

मग आपल्या बंदुकीत का चालत नाही?

इथं शस्त्र नियम, २०१६ आडवे येतात. ज्या एअरगनची ताकद २० जूलपेक्षा जास्त किंवा बोअर .१७७ इंचापेक्षा म्हणजे ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा, तिला परवाना लागतो. या दोन्ही मर्यादेच्या आत असलेलीच बंदूक विनापरवाना ठेवता येते.

आता साधा हिशोब करू. ८ ग्रेनचा छर्रा सेकंदाला २७५ मीटर वेगानं सुटला की ताकद जवळपास २० जूल भरते. त्याच २० जूलमध्ये १६ ग्रेनचं स्लग घातलं तर वेग २०० मीटरच्या खाली येतो, म्हणजे स्लगला लागतो त्यापेक्षा बराच कमी. उलट .२२ मधलं २५ ग्रेनचं स्लग २८० मीटरनं मारायचं तर ६० जूलच्या वर ताकद लागते. आपल्या मर्यादेच्या ती तिप्पट आहे.

आपल्याकडं बहुतेकांकडं बॅरल मोडून भरायची स्प्रिंगची बंदूक असते. तिच्यात जड स्लग घातलं तर नेम तर जातोच, वर स्प्रिंग आणि वॉशरवर ताण येतो. शंभर-दीडशे रुपयाच्या छर्ऱ्याऐवजी महागडा डबा आणून बंदूक खराब करायची, असा हा व्यवहार आहे.

कोणी म्हणेल, गावातल्या कारागिराकडून स्प्रिंग कडक करून घेऊ. तसं करून ताकद २० जूलच्या पुढं गेली, की ती विनापरवाना शस्त्र ठरते. बाहेरच्या देशांतही सूट नाही. ब्रिटनमध्ये साध्या एअर रायफलला साधारण १६ जूल आणि जर्मनीत ७.५ जूल ही विनापरवाना मर्यादा आहे.

शिकारीचं काय?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणं अनुसूची १ आणि २ मधल्या प्राण्यांची शिकार बंद आहे. मोर आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत आहेत. रानडुक्कर, नीलगाय, ससा हेही संरक्षित आहेत. नुसतं मारणंच नाही, तर मारायचा प्रयत्न करणं आणि जखमी करणं हीसुद्धा कायद्यात शिकारच आहे. “फक्त हुसकावायला छर्रा मारला” हे चालत नाही.

२०२२ च्या दुरुस्तीनंतर साध्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. अनुसूची १ च्या प्राण्याला किमान ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद, शिवाय दंड. शिकारीला वापरलेलं हत्यार आणि वाहन सरकारजमा होऊ शकतं. म्हणजे एका रात्रीच्या रागापायी ट्रॅक्टर नाहीतर मोटारसायकलही जायची.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी २० जूलचा छर्रा डुकराची जाड कातडी आणि चरबी भेदून नीट मारू शकत नाही. जनावर जखमी होतं, उसात शिरतं आणि सकाळी वैरण कापायला गेलेल्या बाईच्या अंगावर येतं. पुतण्याला मी हेच सांगितलं, तेव्हा कुठं तो गप्प झाला.

मग डुकराचं करायचं काय?

पिकाचं नुकसान झालं की ३ दिवसांच्या आत वनविभागाकडं अर्ज द्या. पंचनाम्याच्या आधी फोटो काढून ठेवा आणि सातबारा जवळ ठेवा. ‘हॅलो फॉरेस्ट’चा १९२६ हा टोल फ्री नंबर आहे. उपद्रव फारच असेल तर कायद्याच्या कलम ११ खाली परवानगीची तरतूद आहे, पण ती लेखी लागते आणि वनविभागाच्या अटीवरच मिळते. सौर कुंपणासाठीच्या अनुदानाची चौकशी वन परिक्षेत्र कार्यालयात करा. तारेत थेट लाईट मात्र कधीच सोडू नका. त्यात जनावराआधी माणूस जातो.

नेमबाजीची हौस असेल तर

हौस वाईट नाही. अभिनव बिंद्रा यांनी २००८ मध्ये बीजिंगला ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं ते १० मीटर एअर रायफलमध्येच. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये याच प्रकारात जगज्जेता झाला. या खेळात ४.५ मिलिमीटरचा चपट्या तोंडाचा साधा छर्रा वापरतात, स्लग नाही. कागदावरचा दहा गुणांचा ठिपका असतो फक्त अर्ध्या मिलिमीटरचा.

घरी सराव करायचा तर :

• १० मीटरला चपट्या तोंडाचा, २०-२५ मीटरला गोल तोंडाचा छर्रा घ्या. ७ ते ९ ग्रेन वजन ठीक.
• दोन-तीन प्रकारचे छोटे डबे आणा, प्रत्येकाचे ५-५ छर्रे एकाच जागेवरून कागदावर मारा. ज्याची भोकं सगळ्यात जवळ पडतील तो तुमच्या बंदुकीचा छर्रा.
• मागची कड दबलेला छर्रा बाजूला टाका.
• निशाणामागं मातीचा ढीग किंवा वाळूची पोती हवीत. दगड, पत्रा, पाणी यावरून छर्रा उलटतो. डोळ्याला चष्मा लावा.
• छर्रे शिशाचे असतात. ते तोंडात धरू नका, हात धुऊनच जेवा.
• बंदूक रिकामी करून कुलपात ठेवा. लहान पोरांच्या हाती एकटी देऊ नका.

पुतण्यानं स्लगचा डबा काही मागवला नाही. आता तो रविवारी विहिरीजवळच्या मातीच्या ढिगावर कागद लावून बसतो. आणि भुईमुगाच्या नुकसानीचा अर्ज आम्ही दोघांनी मिळून दिला, तिसऱ्या दिवसाच्या आत.