दिवसा पट, रात्रीं नाटक

गंधर्व हे स्वर्गांतले गवई. पुराणांत त्यांचें स्थान इंद्राच्या सभेंत; महाराष्ट्रांत मात्र ते नाटकगृहांत अवतरले, आणि एकामागून एक असे अवतरले कीं, त्यांना वेगळें ओळखण्यासाठीं प्रत्येकाच्या नांवाआधीं एक विशेषण जोडावें लागलें. कोणी बाल, कोणी सवाई, कोणी छोटा, तर कोणी कुमार. ह्यांपैकीं एकाचेंही हें जन्मनांव नव्हतें, आणि एकानेंही तें आपल्या मर्जीनें घेतलेलें नव्हतें. आईबापांनीं ठेवलेलें नांव बाजूस सारून जगानें दुसरेंच नांव रूढ करावें, हा मान फार थोड्यांच्या वांट्यास येतो. हें दुसरें बारसें करतो कोण, आणि तें पाहावयास माणसें जमतात कशाच्या निमित्तानें, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाहीं. त्याचें उत्तर शोधतांना पुण्यामुंबईचीं नाटकगृहें सोडून थेट गोंदिया जिल्ह्यांतील धानाच्या बांध्यांपर्यंत जावें लागतें.

नारायण श्रीपाद राजहंस ह्यांचा जन्म १८८८ सालचा. वयाच्या दहाव्या वर्षीं, १८९८ च्या सुमारास, पुण्यांत लोकमान्य टिळकांनीं त्यांचें गाणें ऐकलें आणि त्यांच्या तोंडून ‘बालगंधर्व’ हा शब्द गेला. १९०५ सालीं हा मुलगा किर्लोस्कर नाटक मंडळींत दाखल झाला. १९१३ सालीं निघालेल्या नव्या मंडळीनें तर ‘गंधर्व नाटक मंडळी’ असेंच नांव धारण केलें. पुढें बालपण सरलें, तारुण्य सरलें, नाटकाचे वैभवाचे दिवस गेले, बोलपट आले. ‘बाल’ हें विशेषण मात्र सुटलें नाहीं. १९६७ सालीं, ७९ वर्षांचे होऊन नारायणराव निवर्तले, तेही बालगंधर्व म्हणूनच.

कुंदगोळचे रामभाऊ हे अब्दुल करीम खांसाहेबांचे शिष्य. ते नाटकांत स्त्रीभूमिका करूं लागले, तेव्हां बालगंधर्वांचा डंका सर्वत्र वाजत होता. अमरावतीस दादासाहेब खापर्डे ह्यांनीं रामभाऊंचें गाणें ऐकून त्यांस ‘सवाई गंधर्व’ म्हटलें. सवाई म्हणजे सव्वापट. पेरणीस मणभर धान उसनें न्यावें आणि सुगीस सव्वा मण फेडावें, हा सवाईचा व्यवहार शेतकऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. तेंच माप दादासाहेबांनीं गळ्यास लावलें. एका शब्दांत प्रशंसा झाली, तुलना झाली आणि थोडी वऱ्हाडी चुरसही साधली. रामभाऊ १९५२ सालीं गेले. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी ह्यांनीं १९५३ पासून पुण्यांत चालविलेल्या उत्सवामुळें ती पदवी आजही हजारोंच्या तोंडीं आहे. रामभाऊ कुंदगोळकर हें नांव मात्र जाणकारांपुरतें उरलें आहे.

पुढचीं दोन नांवेंही अशींच. सौदागर नागनाथ गोरे हे बालमोहन नाटक मंडळींतले बालनट. त्यांस अनंत हरि गद्रे ह्यांनीं ‘छोटा गंधर्व’ केलें. बेळगांवजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हा कोवळ्या वयांतच थोरांचीं गाणीं हुबेहूब गाऊं लागला, आणि एका मठाच्या स्वामींनीं त्यास ‘कुमार गंधर्व’ ही पदवी दिली. आतां ह्या नांवें देणाऱ्यांकडे पाहावें. एक राष्ट्राचा पुढारी, दुसरा वकील, तिसरा पत्रकार, चौथा मठाधिपति. चौघांपैकीं गवई एकही नाहीं. गंधर्वपद देण्याचा अधिकार गुरूनें वा घराण्यानें बजाविलेला नाहीं. तो ऐकणाऱ्यानें बजाविला आहे.

गोमंतकांत निराळी रीत होती. देवळांच्या सेवेंतील कलावंत कुळांत जन्मलेल्या गायिकांच्या नांवापुढें गांवाचें नांव येई. केरीच्या केसरबाई केरकर झाल्या, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर झाल्या. कुर्डी हें गांव पुढें साळावली धरणाच्या पाण्याखालीं गेलें. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं त्याचे ओसाड अवशेष तेवढे उघडे पडतात. गांव बुडालें, एका गायिकेच्या नांवांत तें तरलें.

परंतु पदवी असो वा गांवाचें नांव असो, तें रूढ होण्यास एक गोष्ट आधीं घडावी लागते: ऐकणारीं माणसें एका ठिकाणीं जमावीं लागतात. शहरांत तीं तिकीट काढून जमतात. जेथें नाटकगृह नाहीं आणि एका गांवाची वस्ती एका खेळास पुरेशी नाहीं, तेथें तीं कशीं जमावीं? ह्याचें उत्तर विदर्भाच्या पूर्व टोकास, झाडीपट्टीनें फार पूर्वींच शोधून ठेवलें आहे. तें उत्तर म्हणजे बैलांची शर्यत.

सौंदड हें सडक अर्जुनी तालुक्यांतलें गांव. गोंदियाहून चंद्रपुराकडे जाणारा लोहमार्ग आणि मुंबईहून कलकत्त्याकडे जाणारा महामार्ग हे दोन्ही ह्या गांवास स्पर्शून जातात. हा मुलूख एके काळीं मध्यप्रांताच्या भंडारा जिल्ह्यांत होता. गोंदिया जिल्हा निराळा झाला तो १ मे १९९९ रोजीं. भंडारा आणि गोंदिया हे जिल्हे, तसेंच चंद्रपूर व गडचिरोली ह्यांचा धानाचा पट्टा, ह्या सर्वांस मिळून झाडीपट्टी म्हणतात. झाडी म्हणजे अरण्य. येथली बोली निराळी, येथलें पीक धानाचें, आणि येथलें नाटकही निराळेंच. सौंदडाहून त्याच लोहमार्गानें दक्षिणेस गेलें कीं वडसा लागतें. देसाईगंज ह्या नांवानेंही ओळखलें जाणारें हें गांव झाडीपट्टींतील नाटक मंडळ्यांचें माहेरघर आहे. गंमत अशी कीं, येथें प्रत्येक मंडळी स्वतःस ‘रंगभूमी’ म्हणविते; इतरत्र जो शब्द सबंध कलेचा, तो येथें एकेका संचाचें नांव झाला आहे.

धानाची कापणी-मळणी आटोपली कीं बांध्या मोकळ्या होतात, बैल मोकळे होतात आणि हातांत थोडा पैसा खुळखुळतो. दिवाळीनंतर गांवोगांव मंडई भरते. पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात. ह्याच दिवसांत शंकरपटही भरतो. पश्चिम महाराष्ट्रांत जिला बैलगाडी शर्यत म्हणतात, तिलाच विदर्भांत शंकरपट किंवा नुसतें पट म्हणतात. बैल हें शंकराचें वाहन, त्याच्याशीं लोक हें नांव जोडतात. हलक्या लाकडी गाडीस बैलांची जोडी जुंपावयाची, तिच्यावर धुरकरी बसावयाचा, आणि इशारा होतांच जोडी सुटावयाची. धांव कांहीं सेकंदांची. पण तेवढ्यासाठीं मालकानें वर्षभर जोडीस खुराक दिलेला असतो. जोडीस नांव असतें, तिच्या मालकाचें व गांवाचें नांव पुकारलें जातें, आणि जिंकलेल्या जोडीची कीर्ति दहा कोसांवर पोंचते. अमरावती जिल्ह्यांतील तळेगांव दशासरचा पट तर सबंध विदर्भांत गाजलेला.

पटास आलेला पाहुणा अंधार पडल्यावर परत कोठें जाणार? वाट झाडींतली, बैल थकलेले. तेव्हां मालगुजारांच्या आणि गांवकऱ्यांच्या आश्रयानें दिवसा पट आणि रात्रीं नाटक, अशी जोडी जमली. दंडार आणि खडी गंमत ह्या येथल्या जुन्या लोककला. खडी गंमत म्हणजे उभ्यानें करावयाचा खेळ. गाणारे व वाजविणारे उभ्यानेंच रात्र काढतात, आणि कधीं दोन शाहिरांचीं मंडळें समोरासमोर आणून सामना लावतात. दिवसा बैलांची चुरस, रात्रीं गळ्यांची. ह्याच मातींत पुढें ऑर्गन-तबल्याच्या साथीचें पद्यमय नाटक रुजलें. तें उघड्या मैदानांत उभारलेल्या रंगमंचावर रात्रीं उशिरां सुरू होतें आणि पहाटेपर्यंत चालतें. १९५१ सालीं मालगुजारी संपुष्टांत आली, आश्रयदाते गेले; पण गांवांतल्या मंडळांनीं हा भार उचलला आणि नाटक चालूं राहिलें.

ह्या रंगभूमीनेंही आपल्या कलावंतांस नांवें दिलीं, तीं मात्र निराळ्या तऱ्हेनें. गडचिरोली जिल्ह्यांतील परशुराम खुणे ह्यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. त्या वेळीं दिलेल्या परिचयांत ५,००० हून अधिक प्रयोग आणि ८०० निरनिराळ्या भूमिका नोंदविल्या होत्या. त्यांना लोकांनीं ‘विदर्भाचे दादा कोंडके’ म्हटलें. आणि खुद्द दादा कोंडके ह्यांचेंही ‘दादा’ हें जन्मनांव नव्हे, मूळ नांव कृष्णा. म्हणजे एका लोकदत्त नांवावर दुसरें लोकदत्त नांव चढलें. ह्यांत गौरव आहेच. पण दूरच्या पडद्यावरचें माप लावून घरचा माणूस मोजण्याची खोडही आहे. ‘सवाई’ म्हणतांना दादासाहेबांनीं निदान मापाहून अधिक मोजलें होतें.

मात्र ज्या जमावावर हें सारें उभें होतें, त्या जमावाचें निमित्तच एकदां नाहींसें झालें. खेळ अनेक प्रकारें नाहींसे होतात. कांहीं कार्यक्रमपत्रिकेंतून गळतात: दोरखेंच हा खेळ १९०० ते १९२० पर्यंत ऑलिंपिकमध्यें होता, पुढें तो तेथें राहिला नाहीं. कांहीं लोकांच्या मनास टोंचूं लागतात: १९०० सालीं पॅरिस येथें जिवंत कबुतरांवर नेम धरण्याची स्पर्धा झाली, तिची पुनरावृत्ति ऑलिंपिकनें केली नाहीं. आणि कांहीं नांव बदलून जगतात. महाराष्ट्रांतला हुतुतू, बंगालचा हा-डु-डु, तामिळ देशांतला चेडुगुडु हे सख्खे भाऊ. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनीं १९३६ सालीं बर्लिन येथें देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें केलीं, त्यांत हाही खेळ होता. पुढें ‘कबड्डी’ ह्या एका नांवाखालीं सारे एकवटले आणि १९९० सालीं हा खेळ आशियाई क्रीडास्पर्धांत दाखल झाला. हुतुतू हें नांव मागें पडलें. खेळ मात्र सवाई झाला.

पटाच्या वांट्यास कबुतरांच्या खेळाची गति येणार असें दिसत होतें. बैलास तुतारीनें टोंचणें, चाबकानें फोडून काढणें, विजेचा झटका देणें, हे प्रकार शर्यतींत शिरले होते, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. २०११ सालीं केंद्र सरकारनें बैलाचा समावेश ज्यांचे खेळ करण्यास मनाई आहे अशा प्राण्यांत केला, आणि ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तामिळनाडूंतील जल्लिकट्टूबरोबरच महाराष्ट्रांतील बैलांच्या शर्यतीही बेकायदा ठरविल्या. २०१७ सालीं राज्यानें नवा कायदा केला. त्याच वर्षीं मुंबई उच्च न्यायालयानें शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तात्पुरती मोकळीक दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायाधीशांच्या घटनापीठानें राज्याचा कायदा ग्राह्य मानला. आतां पटास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि बैलास इजा करणाऱ्या साधनांस बंदी आहे. मुका प्राणी आपली बाजू स्वतः मांडूं शकत नाहीं. ती दुसऱ्या कोणी मांडली, म्हणून पट पूर्वींहून शहाणा होऊन परतला, असें म्हणण्याची पाळी येवो. हें कागदावरच्या अटींपेक्षां धुरकऱ्याच्या हातावर अवलंबून आहे.

ह्या बंदीच्या वर्षांत रात्रींच्या नाटकाचें काय झालें, हें पाहण्यासारखें आहे. तें बंद पडलें नाहीं. मंडई होती, जत्रा होत्या, कबड्डीचे सामने होते. जेथें माणसें जमलीं, तेथें नाटकानें आपला पडदा बांधला. पट गेला, तरी हुतुतूचा नवा अवतार त्याच्या मदतीस धांवून आला. परंतु २०२० सालच्या साथीनें माणसांच्या जमण्यासच मनाई झाली, आणि तो हंगाम मंडळ्यांच्या हातचा गेला. नट तेच होते, संहिता तयार होत्या, वाद्यें जागच्या जागीं होतीं. समोर बसणारा समाज तेवढा नव्हता. नाटकास पटाची गरज नाहीं, जमलेल्या माणसांची आहे, हें त्या दोन अनुभवांनीं दाखवून दिलें.

तथापि पटाची चिंता सरली असें नाहीं. न्यायालयानें जें परत दिलें, तें ट्रॅक्टर हिरावून घेऊं शकतो. नांगरट यंत्रानें होऊं लागली, तसे गोठे रिकामे होत चालले. शेतांत राबणारी जोडी वर्षांतून एकदां पटांत धांवे, हा जुना क्रम. केवळ धांवण्यासाठीं जोडी पोसणें हा थोड्यांचा शौक. ज्या दिवशीं पट अशा थोड्यांचा होईल, त्या दिवशीं त्याला कोणी बंदी घालावी लागणार नाहीं. सौंदडाच्या परिसरांतल्या एखाद्या बांधींत अजूनही जोडी सुटतांना आरोळी उठते आणि रात्रीं त्याच गांवांत ऑर्गनचा सूर लागतो, तोंवर दोन्ही खेळांना एकच प्रेक्षक आहे. जिंकलेल्या जोडीचें नांव तोच घरोघर नेतो, आणि पहाटेपर्यंत गाणाऱ्या एखाद्या मुलास गंधर्व म्हणण्याचा अधिकारही त्याचाच आहे.