नसलेल्या तारेवरचा निरोप

वर्गात पाठ चालू असताना शिपाई सूचना घेऊन येतो. शिक्षक पुस्तकात खूण करतात, सूचना वाचून सही करतात आणि सोडलेल्या ओळीपासून पुन्हा शिकवू लागतात. संगणकातही असेच घडते. आपण कळ दाबली की प्रक्रियकाकडे एक संकेत जातो. त्याला ‘इंटरप्ट’ म्हणतात. ही सोय नसती, तर ‘कळ दाबली का?’ असे प्रक्रियकाला सतत विचारत बसावे लागले असते.

१९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये हे संकेत इंटेलच्या ८२५९ या चिपकडे येत. तिला आठ तारा होत्या. ० क्रमांकाची घड्याळाची, १ क्रमांकाची कळफलकाची. आठ तारा अपुऱ्या पडल्यावर १९८४ च्या पीसी-एटीमध्ये दुसरी ८२५९ आली. ती पहिलीच्याच २ क्रमांकाच्या तारेला जोडल्याने उपकरणांसाठी सोळा नव्हे, पंधराच तारा उरल्या.

आता एकाच खऱ्या संगणकात आज्ञावलीच्या साहाय्याने अनेक ‘आभासी संगणक’ उभे केले, तर कोणता संकेत कोणाला द्यायचा? अमेरिकेत केंब्रिज येथील आयबीएमच्या केंद्रात १९६० च्या दशकातच हा प्रश्न हाताळला गेला होता. १९६७ च्या सीपी-६७ मध्ये खरा इंटरप्ट आधी नियंत्रक आज्ञावलीकडे येई. तो कोणत्या आभासी संगणकाचा आहे हे ठरवून ती त्याच्यापुढे तसाच संकेत मांडी.

पीसीची नक्कल करताना आणखी एक अडचण आली. जुन्या कार्यप्रणाली ८२५९ गृहीत धरून लिहिलेल्या होत्या. म्हणून २००३ मध्ये फाब्रिस बेलार यांनी प्रसिद्ध केलेल्या क्यूएमू या आज्ञावलीला या चिपची जोडी, तिच्या पंधरा तारांसह, हुबेहूब वठवावी लागते. २००७ मध्ये लिनक्समध्ये आलेल्या केव्हीएममध्ये तर कोणती तार कोणत्या नियंत्रकाला जोडायची याचा तक्ताच असतो. पहिल्या सोळा क्रमांकांपैकी बहुतेकांवरचे संकेत जुन्या ८२५९ ला आणि चोवीस तारांच्या नव्या नियंत्रकालाही पोचवले जातात. आतली कार्यप्रणाली यांपैकी कोणाचे ऐकेल, हे आधी ठाऊक नसते.

यात चूक झाली तर? संकेत हरवला, तर आभासी संगणक डिस्कच्या उत्तराची वाट पाहत थांबून राहतो. काम झाल्यावरही संकेत खाली आला नाही, तर तोच निरोप पुन्हा पुन्हा येऊन बाकीची कामे खोळंबतात.

तारेचा तुकडाही नसताना आपण आज १९८४ ची जोडणी पाळतो. यंत्रे मोडीत निघतात, पण त्यांच्याशी केलेले करार आज्ञावलीत टिकून राहतात.