जलब्राह्मीचं मूळ गाव

१६९० साली ॲमस्टरडॅममध्ये 'हॉर्टस मलाबारिकस' या ग्रंथाचा दहावा खंड छापून झाला. मलबारच्या वनस्पतींची नोंद करणाऱ्या या बारा खंडांच्या कामात मोठमोठे वृक्ष आधी येऊन गेले होते. दहाव्या खंडात पाळी आली ती पायाखाली तुडवल्या जाणाऱ्या लहान औषधींची. त्यात 'ब्रामी' अशा नावाची एक वनस्पती चित्रासह आहे. ते चित्र आज कुणाही वनस्पतिशास्त्रज्ञाला ओळखता येतं: ओल्या मातीवर पसरत जाणारी, जाडसर पानांची जलब्राह्मी. शास्त्रीय नाव बाकोपा मोनिएरी.

हा ग्रंथ घडवून आणला तो डच ईस्ट इंडिया कंपनीचा मलबारमधला गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने. माहिती मात्र इथल्या वैद्यांची. त्यात केरळचे इट्टी अच्युदन होते आणि त्यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी वैद्य. पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोव्यातून कोचीनला जाऊन वसलेल्या समाजातले हे लोक. १६७५ साली त्यांनी कोकणी भाषेत, नागरी लिपीत आपली साक्ष लिहून दिली आणि ती १६७८च्या पहिल्या खंडात जशीच्या तशी छापली गेली. छापील नागरीच्या अगदी जुन्या नमुन्यांत तिची गणना होते. ऱ्हीड स्वतः १६९१मध्ये मुंबईजवळ समुद्रात जहाजावर वारला. त्याची कबर सुरतेला आहे. शेवटचा खंड त्याच्या मृत्यूनंतर, १६९३ साली निघाला.

त्या एका चित्राचं मोल मोठं आहे. याच दहाव्या खंडात 'कोडगेन' नावाची दुसरी वनस्पतीही आहे, ती म्हणजे मंडूकपर्णी, सेंटेला एशियाटिका. दोन नावं, दोन चित्रं, दोन निराळ्या वनस्पती. म्हणजे सव्वातीनशे वर्षांपूर्वी मलबारचे वैद्य कशाला ब्राह्मी म्हणत आणि कशाला नाही, याबद्दल शंकेला जागा उरत नाही. महाराष्ट्रात मात्र हा गुंता अजून सुटलेला नाही. आपल्याकडे घरोघरी कुंडीत ब्राह्मी म्हणून लावलेली, लांब देठांची, गोलसर पानांची वेल ही बहुतेक वेळा मंडूकपर्णीच असते. कोकणात तिला करिवणा म्हणतात, कुठे एकपानी. उत्तर हिंदुस्थानातही बऱ्याच ठिकाणी तिलाच ब्राह्मी मानतात. नात्याने पाहिलं तर ती कोथिंबीर-गाजराच्या कुळातली. जलब्राह्मीशी तिचं सोयरसूतक नाही. सुश्रुतसंहितेत बुद्धी आणि आयुष्य वाढवणाऱ्या रसायनांच्या अध्यायात मंडूकपर्णीचा स्वरस वेगळा सांगितला आहे आणि ब्राह्मीचा वेगळा. तेव्हा 'दोन्ही एकच' ही आपली सोयीची समजूत सोडून दिलेली बरी.

आता ही जलब्राह्मी नीट पाहू. ती पाहायची तर गुडघे टेकावे लागतात. खोड मऊ, रसाळ, गुळगुळीत, जमिनीला धरून सरपटणारं. प्रत्येक पेरापाशी पानांची जोडी समोरासमोर आणि त्याच पेराला खालून पांढरी मुळं. पानाला देठ जवळजवळ नसतोच. पान बुडाशी निमुळतं, टोकाकडे रुंद आणि गोलसर, साधारण एक ते दोन सेंटिमीटरचं, बोटांना गुबगुबीत लागणारं. वरवर पाहता घोळीची आठवण व्हावी असं. चावून पाहिलं की कडू. पानाच्या बगलेतून बारीक दांड्यावर एकच फूल वर येतं: पाच पाकळ्यांचं, पांढरं किंवा फिकट जांभळट निळं, आत चार पुंकेसर, दोन लांब आणि दोन आखूड. फुलाच्या बाहेरची पाच निदलं सारखी नसतात. त्यातलं एक बाकीच्यांपेक्षा ठळक रुंद असतं, आणि ओळख पटवायला ही खूण फार उपयोगी पडते. फळ म्हणजे टोकदार, इवलीशी बोंडी, निदलांच्या आतच लपलेली, आणि तिच्यात धुळीसारखं बी.

पण ही वनस्पती पसरते ती मुख्यतः बियांनी नाही. प्रत्येक पेर हे मुळं धरायला तयारच असतं. गुराच्या खुराखाली खोड तुटलं, पुरात तुकडा वाहून गेला, कुणी विळ्याने कापून बांधावर टाकला, तरी त्या तुकड्याला ओल मिळाली की नवा संसार सुरू होतो. तळ्याकाठी चटईसारखा पसरलेला हिरवा पट्टा पाहून आपण म्हणतो, किती रोपं आहेत! कदाचित ते सगळं मिळून एकच रोप असतं. आणि पाणी चढलं तरी ती मरत नाही. पूर्ण बुडाली तर पानं थोडी पातळ होतात, पेरांमधलं अंतर वाढतं आणि खोड सरळ उभं राहून पाण्याखाली वाढू लागतं. घरातल्या मत्स्यालयांत ती जगभर लावली जाते ती याच गुणामुळे. पाणी ओसरलं की पुन्हा जमिनीवर लोळण. काठ जिथे रोज जागा बदलतो, तिथे टिकण्यासाठीच जणू हे शरीर घडलं आहे.

युरोपात तिच्या नावाचा प्रवास बराच वेडावाकडा झाला. १७५६ साली लिनियसने तिला लायसिमाकिया मोनिएरी म्हटलं. फ्रेंच राजाच्या पदरी वैद्य असलेल्या लुई गिलोम ल मोनिए या वनस्पतिशास्त्रज्ञाची ती आठवण. त्याच वर्षी पॅट्रिक ब्राऊनच्या जमैकावरच्या ग्रंथात ती मोनिएरा या प्रजातिनामाने आली. जमैका कुठे आणि मलबार कुठे, पण त्याकडे मी पुढे येतेच. १७६३मध्ये मिशेल आदांसाँ याने ऱ्हीडच्या ग्रंथातलं नाव सरळ उचललं आणि प्रजातीला 'ब्रामी' म्हटलं. लामार्कने 'ब्रामिया' लिहिलं. १७७५ साली ओब्ले याने फ्रेंच गयानातल्या एका दलदलीतल्या झाडोऱ्याला बाकोपा हे नाव दिलं. १८०७मध्ये गर्टनर पुत्राने हर्पेस्टिस हे नाव काढलं, ग्रीकमधल्या सरपटण्याच्या शब्दावरून. १८१८मध्ये हम्बोल्ट आणि बोंप्लां यांनी अमेरिकेतून आणलेल्या संग्रहावर काम करताना कुंट याने आपल्या वनस्पतीला त्यात बसवलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जोसेफ हूकरच्या 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया'त आपली ब्राह्मी याच नावाने येते. शेवटी १८९१मध्ये व्हिएन्नाच्या वेटस्टाइनने ती बाकोपात घातली आणि तेच नाव कायम झालं.

वनस्पतींच्या नामकरणात जुनं नाव खरं, हा नियम आहे. त्या नियमाने पाहिलं तर १७६३चं 'ब्रामी' १७७५च्या बाकोपाच्या आधीचं. पण बाकोपा तोवर सगळीकडे रूढ झालं होतं. अशा वेळी गोंधळ टाळायला रूढ नावाला अपवाद म्हणून संरक्षण देतात, आणि 'ब्रामी' नाकारलेल्या नावांच्या यादीत गेलं. नियमाच्या दृष्टीने यात काही गैर नाही, तरी मला त्याची हळहळ वाटते. मलबारच्या वैद्यांनी सांगितलेला शब्द एका अख्ख्या प्रजातीचं जागतिक नाव व्हायचा राहिला. जुन्या नावांचे अवशेष औषधशास्त्रात मात्र सापडतात: १९३१ साली या वनस्पतीतून मिळवलेल्या अल्कलॉइडचं नाव ब्राह्मिन, नंतरच्या दुसऱ्याचं हर्पेस्टिन. स्मरणशक्तीच्या औषधांच्या वेष्टनांवर दिसणारे बाकोसाइड हे १९६०च्या दशकात लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेच्या कामातून पुढे आले.

आता कुळाची गोष्ट. पूर्वी तिला स्क्रोफुलारिएसी कुळात ठेवत. डीएनएच्या अभ्यासानंतर ते कुळ फुटलं आणि ती प्लँटॅजिनेसीत, म्हणजे इसबगोलाच्या कुळात आली. पण खरी गंमत तिच्या जवळच्या भावंडांत आहे. बाकोपा प्रजातीत साठेक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक सगळ्या अमेरिका खंडातल्या. म्हणजे जिला आपण वेदकाळाशी जोडतो, तिचं माहेर ॲटलांटिकपलीकडे!

मग ती मिरची, बटाटा, काजू, पपई यांच्यासारखी पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली का? प्रश्न रास्त आहे. ऱ्हीडचं चित्र इथे पुरेसा पुरावा होत नाही, कारण १६९०पर्यंत मिरचीही आपल्याकडे पुरती रुळली होती. पण सुश्रुतसंहिता कोलंबसाच्या कित्येक शतकं आधीची. तिथे मंडूकपर्णीहून वेगळी अशी ब्राह्मी आहे, आणि केरळच्या परंपरेने तिची ओळख जलब्राह्मी म्हणून जपली आहे. शिवाय आफ्रिका, दक्षिण आशिया, ऑस्ट्रेलिया, दोन्ही अमेरिका, सगळीकडे ती माणसाच्या वस्तीपासून दूर, पाणथळीत आपसूक वाढते. लंडनच्या क्यू उद्यानाची वनस्पतिसूची तिचा नैसर्गिक पल्ला सांगताना एका देशाचं नाव घेत नाही. जगाचा सगळा उष्ण आणि उपोष्ण पट्टा तिचा, असं ती म्हणते.

माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा हवाई बेटांचा आहे. ही बेटं ज्वालामुखीतून समुद्राच्या मधोमध वर आली. ती कधीच कुठल्या खंडाला जोडलेली नव्हती. तिथली प्रत्येक मूळची वनस्पती हवेतून, लाटेवरून किंवा पक्ष्याबरोबर आलेली. जलब्राह्मी तिथल्या मूळच्या वनस्पतींत मोडते, किनाऱ्यालगतच्या दलदलीत वाढते, आणि तिला हवाईच्या भाषेत 'आए-आए' असं नावही आहे. पॅसिफिकच्या मधोमध जी माणसाच्या मदतीवाचून पोचली, तिला इतर समुद्र ओलांडणं अशक्य नव्हतं.

हे घडतं कसं, याचा एक धागा डार्विनने दाखवला होता. गोड्या पाण्यातल्या वनस्पतींचा पल्ला इतका अफाट का, हा प्रश्न त्याला छळत होता. त्याने एका लहानशा तळ्याच्या काठचा तीन मोठे चमचे चिखल घेतला. वाळल्यावर त्याचं वजन १९० ग्रॅमच्या आसपास भरलं. तो झाकून अभ्यासिकेत ठेवला आणि उगवेल ते रोप मोजून उपटत गेला. सहा महिन्यांत ५३७ रोपं निघाली. पाणपक्ष्याच्या पायाला, पिसाला चिकटलेल्या चिमूटभर गाळात काय काय प्रवास करत असेल, हे त्यावरून त्याने ताडलं. १८५९च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये हा प्रयोग आहे. जलब्राह्मीचं धुळीएवढं बी अशा गाळासाठी अगदी योग्य. वर तिला मचूळ पाणी सोसतं. तुटलेला तुकडा खाडीच्या तोंडाशी पोचला तरी लगेच मरत नाही. हजारो वर्षांचा अवधी असला की एका मार्गावर अवलंबून राहावं लागत नाही.

म्हणूनच हिचं मूळ गाव नकाशावर देशांच्या रेघांनी दाखवता येत नाही. ते गाव म्हणजे पाण्याचा उतरता काठ. भातखाचराचा बांध, पाटाची कड, गावतळ्याचा गुरं उतरतात तो भाग, गोव्यातल्या खाजनांतली मचूळ ओल, डोंगरात सुमारे १३०० मीटरपर्यंतचे पाणवठे. फ्लोरिडात व्हाइट पीकॉक नावाचं फुलपाखरू हिच्या पानांवर अंडी घालतं. त्याच्या सुरवंटांना चालणारी दुसरी वनस्पती जलपिंपळी, तीही सरपटणारी, तीही आपल्या तळ्यांच्या काठची. दोन खंडांवरच्या काठांत अशी शेजाऱ्यांचीही सारखी वस्ती असते.

आज औषधासाठी लागणारी जलब्राह्मी शेतातही लावतात. बियांची गरज नाही. बोटभर कांड्या चिखलात खोचल्या की झालं. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने तिचे निवडक वाण काढले आहेत. शेती हवीच, कारण रानातून उपटून आणलेला माल नेहमी निर्धोक असेल असं नाही. ही वनस्पती ज्या पाण्यात वाढते त्यातलं कॅडमियम, क्रोमियम, पारा असे धातू शोषून अंगात साठवते. दूषित पाणी साफ करण्यासाठी तिचा उपयोग करता येईल का, याचा अभ्यास त्यामुळेच झाला. ज्या नाल्यात कारखान्याचं पाणी येतं, तिथली ब्राह्मी कुणाच्याही पोटात जाता कामा नये. वैदू असोत, हौशी लोक असोत, हे सर्वांना ठाऊक हवं.

पण कांड्यांवरची शेती म्हणजे त्याच त्या रोपाच्या नकला. निरनिराळ्या तळ्यांकाठी, खारं-गोडं, खोल-उथळ पाणी सोसत जी वेगवेगळी वाणं आपोआप तयार झाली, ती वाफ्यात सापडायची नाहीत. आणि नेमके ते काठच आपण भराभर मिटवतो आहोत. तलावाचं सुशोभीकरण म्हटलं की चारी बाजूंनी उभी दगडी किंवा सिमेंटची भिंत, वर फरशी आणि बाकडी. उभ्या भिंतीला पाणी चढतं आणि उतरतं, पण ओली माती कुठेच उघडी पडत नाही. जिथे मूळ धरायचं तीच जागा नाहीशी होते. ज्या ग्रामपंचायती आणि नगरपालिका तळी दुरुस्त करायला काढतात, त्यांनी आराखड्यात किमान एक बाजू मातीची आणि उताराची राखावी. त्याला वेगळा पैसा लागत नाही, उलट थोडं सिमेंट वाचतं.