लाख रुपयांचे बक्षीस कोणालाच का मिळाले नाही?

वर्ध्याच्या मगनवाडीत मगन संग्रहालय आहे. गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी त्याचे उद्घाटन झाले. तेथील चरखे पाहताना विद्यार्थी हमखास विचारतात, "याचा शोध कोणी लावला?" आपणही सवयीने एक नाव शोधू लागतो. पण चरख्याच्या सुधारणेची गोष्ट एका नावात मावत नाही. गटाने काम कसे करावे हे मुलांना सांगायचे, तर ही गोष्ट सगळीच सांगायला हवी, त्यातल्या अपयशासह.

सुरुवात साबरमतीची. आश्रमात हातमाग आले, पण हातसूत मिळेना. गंगाबेन मजमुदार यांनी पुष्कळ भटकंती करून बडोदे संस्थानातील विजापूर येथे चरखे शोधून काढले. ते माळ्यावर पडून होते. तेथील लोक कातायला तयार होते, पण पेळू कोण देणार आणि सूत कोण घेणार? उमर सोबानी यांनी आपल्या गिरणीतून पेळू पाठविले. सूत येऊ लागले. पुढे गिरणीचे पेळू नकोत असे ठरले, तेव्हा पिंजारी शोधावा लागला. आश्रमात मगनलाल गांधींनी चरख्यात अनेक सुधारणा केल्या. मगनवाडीला नाव त्यांचेच. या साखळीतली एक कडी नसती, तरी चरखा माळ्यावरच राहिला असता.

१९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. अटी मात्र नीट वाचण्याजोग्या आहेत. यंत्र हलके, खेड्यातल्या झोपडीत हाताने वा पायाने चालणारे हवे. एखाद्या बाईला ते आठ तास फार न थकता चालविता यावे. किंमत १५० रुपयांच्या आत, आयुष्य किमान २० वर्षे आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांहून जास्त नको. म्हणजे प्रश्न केवळ वेगाचा नव्हता. कातणारीची पाठ, तिचे घर आणि तिची मिळकत हेही प्रश्नाचेच भाग होते.

सर्व अटींत बसणारे यंत्र आले नाही आणि बक्षीस कोणालाच दिले गेले नाही. आम्हांला हे अपयश महत्त्वाचे वाटते. इतक्या मोठ्या रकमेनेही उत्तर मिळाले नाही, आणि उत्तर जवळपास आले म्हणून अटी सैल करण्याचा मोहही टाळला गेला.

काम मात्र थांबले नाही. पुढे येरवडा चरखा आला. त्यात मोठे चाक लहान चाकाला फिरविते आणि लहान चाक चात्याला. त्यामुळे लहानशा पेटीत मिटूनही चात्याला पुरेसा वेग मिळतो. पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन, म्हणजेच भारतानंद, यांनी धनुष तकली तयार केली.

स्वातंत्र्यानंतर तमिळ प्रदेशातील एकांबरनाथ यांच्या कल्पनेतून अंबर चरखा घडला. साध्या चरख्यावर चाते पीळ देते, पण पेळूतून तंतू सारखे ओढण्याचे कसब कातणाऱ्याच्या बोटांत असते. अंबर चरख्यात ते काम रुळांच्या जोड्या करतात. पुढची जोडी मागचीपेक्षा वेगाने फिरते आणि पेळू ताणला जाऊन बारीक होतो. ही युक्ती इंग्लंडमध्ये लुईस पॉल यांनी १७३८ साली पेटंट केलेली आणि आर्कराइट यांनी १७६९ नंतर गिरण्यांत नेलेली. ज्या गिरणीशी चरख्याची स्पर्धा, तिचेच तत्त्व घरात आले. खादी कार्यकर्त्यांनी त्यात बदल करीत चार चात्यांचा चरखा प्रचारात आणला. तोही साध्या चरख्यापेक्षा गुंतागुंतीचाच होता. एक अडचण सुटली की दुसरी पुढे येते, हेही मुलांना सांगावे.

आता आपल्या वर्गाकडे वळू. विज्ञान प्रदर्शनासाठी आपण पाच मुलांचा गट करतो. बहुधा एकच हुशार मुलगा प्रतिकृती बनवितो, बाकीचे तक्त्यावर नाव लिहितात. पुढच्या वेळी असे करून पाहावे. वस्तू कोणासाठी, किती किमतीत आणि कोण दुरुस्त करणार, हे गटाने आधी लिहून काढावे. एकाने बनवावी, दुसऱ्याने वापरून दोष सांगावेत, तिसऱ्याने ते वहीत नोंदवावेत. दोष सांगणाऱ्यालाही बनविणाऱ्याइतकेच गुण द्यावेत.

चरखा वापरून ज्यांनी त्याचे दोष ओळखले, त्या कातणाऱ्या बायकांपैकी बहुतेकींची नावे इतिहासात नाहीत. निदान आपल्या वर्गातल्या वहीत तशा कामाची नोंद राहावी.