रामदास बोट
रामदास बोट : मुंबई–कोकण किनाऱ्यावर प्रवासी वाहतूक करणारी व १७ जुलै १९४७ रोजी रेवसजवळ बुडालेली आगबोट.

ज्या ठिकाणी लोहमार्ग समुद्रापाशी संपत, तेथून पुढील जलप्रवासासाठी अनेक देशांतील रेल्वे कंपन्या स्वतःच्या आगबोटी ठेवीत. भारतात १९१४ पासून धनुष्कोडी व श्रीलंकेतील तलैमन्नार यांदरम्यान साउथ इंडियन रेल्वेच्या आगबोटी चालत. कोकणात मात्र सह्याद्रीचे फाटे व खाड्या यांमुळे किनाऱ्यालगत लोहमार्ग झाला नाही. म्हणून तेथे बंदरोबंदरी थांबणारी आगबोटच आगगाडीचे काम करी. या वाहतुकीत बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे वर्चस्व होते. तिच्याशी स्पर्धा करण्यासाठी स्वदेशीच्या भावनेतून भारतीय भांडवलावर एक सहकारी आगबोट कंपनी निघाली. ती कोकणात ‘माझी आगबोट कंपनी’ या नावाने लोकप्रिय झाली. तिने आपल्या बोटींना तुकाराम, रामदास, सेंट अँथनी अशी संतांची नावे दिली. यांपैकी तुकाराम ही बोट १९२७ मध्ये वादळात बुडाली.

रामदास १९३६ मध्ये इंग्लंडमधील स्वॉन हंटर या प्रसिद्ध जहाजबांधणी कारखान्यात बांधली गेली. तिची लांबी सु. ५५ मी., रुंदी सु. ९ मी. व टनभार ४०६ होता. अपघाताच्या दिवशी सकाळी ती मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. वाटेत सोसाट्याचा वारा व मुसळधार पाऊस सुरू झाला. लाटांनी बोट कलंडू लागताच घाबरलेले प्रवासी एका बाजूस लोटले. त्यामुळे तोल अधिकच ढळून काशाच्या खडकाजवळ ती उलटली. बिनतारी संदेशयंत्र नसल्यामुळे मदत मागता आली नाही. पोहत वा तरंगत किनाऱ्यास लागलेल्यांकडूनच अपघाताची वार्ता मुंबईस कळली. रेवस परिसरातील कोळ्यांनी आपल्या होड्यांतून काहींचे प्राण वाचविले. मृतांची संख्या सहाशेहून अधिक होती. अनेक कोकणी कुटुंबांतील कर्ती माणसे त्यात गेली.

वादळापेक्षाही संदेशयंत्रणेचा अभाव व जीवरक्षक साधनांची अपुरी तरतूद या दुर्घटनेने प्रकर्षाने उघड केली. स्वातंत्र्यप्राप्तीला त्या वेळी महिनाही उरला नव्हता. त्या धामधुमीत ही घटना राष्ट्रीय पातळीवर काहीशी मागे पडली. कोकणच्या लोकस्मृतीत मात्र ती टिकून राहिली. ज्या लोहमार्गाची उणीव या बोटींनी दीर्घकाळ भरून काढली, तो कोकण रेल्वेच्या रूपाने १९९८ मध्ये पूर्णत्वास गेला.